हा कागद कसला?

पेठेतला एखादा जुना वाडा पाडायला काढतात. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते आणि तिच्यातून फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं निघतं. कागद जाड, पिवळसर, हातानं केलेला. अक्षर मोडी. घरात मोडी वाचणारं कुणी उरलेलं नसतं. मग मोबाइलवर फोटो निघतात, ओळखीच्या ओळखीनं ते इतिहासाच्या नादी लागलेल्या कुणाकडे तरी पोचतात, आणि प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "यात जमीनबिमीन काही आहे का हो?" दुसरा, "हा नक्की कसला कागद आहे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा निराशा करणारं असतं, म्हणून ते लवकर सांगून टाकावं. दुसरा प्रश्न खरा. त्याचं उत्तर द्यायला कागद पुरता वाचावाही लागत नाही. पूर्वी पोस्टमननं कोपरा फाडलेलं कार्ड दारात टाकलं, की मजकूर वाचण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची. कुंकवाचं बोट लावलेलं पाकीट आलं, तर कुणाचं तरी लग्न ठरलेलं असायचं. जुन्या मराठी कागदांना असे कोपरे आणि अशी बोटं पुष्कळ आहेत. ती ओळखायची कशी, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे.

१. कुणी, कुणाला, कशासाठी

सरकारी नोकरीत चार वर्षं काढलेल्या माणसाला परिपत्रक, ज्ञापन, अधिसूचना, शासन निर्णय आणि स्मरणपत्र यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. साहेबानं शिपायाला 'अर्ज' केला असं तो कधी म्हणणार नाही, आणि शिपायानं साहेबाला 'ज्ञापन' दिलं असंही नाही. कागद चालतो वरून खाली, खालून वर किंवा बरोबरीच्या दोघांत. दिशा बदलली की नाव बदलतं.

मोगली कारभारात ही उतरंड अगदी काटेकोर होती. बादशहाचा हुकूम ते फर्मान. शहजाद्याचा, ते निशाण. बादशहाच्या आज्ञेवरून वजिरानं लिहिलं, तर हस्बुल हुकूम, म्हणजे शब्दशः 'हुकमाप्रमाणे'. अंमलदारानं हाताखालच्याला लिहिला तो परवाना. आणि खालच्यानं वर लिहायचं, तर अर्जदास्त. मजकूर तोच असू शकतो: अमक्याला अमुक गाव द्यावं. पण लिहिणारा कोण, यावर त्याला पाच नावं. आपल्या बोलण्यात यांतला परवाना वाहनचालकाच्या खिशात जाऊन बसला, अर्जदास्तचं शेपूट झडून अर्ज झाला, आणि फर्मान घरातल्या वडीलधाऱ्यांना टोमणा मारायला शिल्लक राहिलं.

मराठी राज्यानं ही नावं घेतली, काही बदलली, काही स्वतःची घडवली. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो यासाठीच. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश दहा वर्गांत मांडलेला आहे, आणि त्यांतला एक अख्खा वर्ग 'लेखनवर्ग' आहे. दुर्ग, शस्त्रं, बाजार यांच्या पंगतीला लिहिण्याच्या शब्दांना पान वाढलेलं आहे, हे ध्यानात घेण्यासारखं. कोश झाला तरी सगळे शब्द काही बदलले नाहीत. पेशव्याला पंतप्रधान म्हणायला लोक शिकले, पण सनदेला सनदच म्हणत राहिले.

२. शेवटचा शब्द आधी वाचा

मोडी शिकवणारे नवख्याला एक युक्ती सांगतात. पत्र हातात आलं की सुरुवात आणि शेवट पाहा, मधलं नंतर.

सुरुवातीला देवाचं नाव, 'श्री'. त्याखाली मायना. मायना म्हणजे ज्याला लिहायचं त्याचा मान ठरवणारी ओळ. वडिलांना तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, विद्वान ब्राह्मणाला वेदशास्त्रसंपन्न, विधवा स्त्रीला गंगाभागीरथी, साध्या सभ्य माणसाला राजमान्य राजश्री, आणि मोठ्या सरदाराला अखंडितलक्ष्मीअलंकृत. शिवकाळात सरकारातून अंमलदाराला जाणाऱ्या पत्रांत 'मशहुरल अनाम' हा फारसी थाटाचा मायना वारंवार दिसतो. मायना चुकला तर माणूस दुखावायचा. आणि सरदार दुखावला तर तो नुसता रुसून बसत नसे, त्याच्यामागे घोडी असत.

शेवटी मुद्दा आणखी स्पष्ट होतो. पत्र 'जाणिजे' असं संपलं, तर वरून खाली आलेली आज्ञा. 'हे विनंती' म्हणजे बरोबरीचा, निदान तसं दाखवणारा. 'हे विज्ञापना' म्हणजे धन्याच्या पायाशी ठेवलेलं. 'हे आशीर्वाद' म्हणजे वडीलधाऱ्याचं. पेशवा सरदाराला लिहिताना जो शब्द वापरी, तो साताऱ्याच्या छत्रपतींना लिहिताना वापरत नसे. खरी सत्ता पुण्यात असतानाही पेशव्यांची पत्रं साताऱ्याला विज्ञापना करीतच गेली. सत्तेचं वास्तव आणि कागदाची रीत यांत केवढं अंतर असू शकतं, हे या एका शब्दात दिसतं.

ही परंपरा मेलेली नाही, आक्रसली आहे. शाळेत पत्रलेखनाला 'शि. सा. न. वि. वि.' लिहिलेली पिढी अजून आहे. तो 'शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष' या लांबलचक ओळीचा सांगाडा. 'कृ. सा. न. वि. वि.' म्हणजे 'कृतानेक साष्टांग नमस्कार' वगैरे. लग्नपत्रिकेवरचे चि. सौ. कां. आणि ती. गं. भा. हे त्याच घराण्यातले. पत्रिका छापून आली की आजी आधी ही अक्षरं तपासते, मुहूर्त मागाहून.

३. शिक्का वर, मोर्तब खाली

'करारावर शिक्कामोर्तब झालं' असं वर्तमानपत्र लिहितं, तेव्हा आपण तो एकच शब्द समजतो. मुळात ते दोन ठसे होते.

शिक्का म्हणजे मोठी मुद्रा. ती बहुधा मजकुराच्या वर उठवायची. शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा सर्वांच्या परिचयाची आहे. रांझे गावच्या पाटलाच्या शिक्षेबद्दलच्या २८ जानेवारी १६४६ च्या पत्रावर ती आहे. मोर्तब म्हणजे मजकूर संपतो तिथे उठवायची लहान मुद्रा. शब्द फारसी वळणाचा, अर्थ 'नीट लावलेलं, पुरं झालेलं'. महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं होती: ही इथे मर्यादा शोभते आहे. पेशव्यांच्या लहान मुद्रेवर 'लेखनसीमा'. दोन्हींचा अर्थ एकच, याच्या खाली जे लिहिलेलं असेल ते आमचं नव्हे.

चेकवर रकमेपुढे आपण 'फक्त' लिहून आडवी रेघ ओढतो ना? तेच काम. आणि एक पळवाट होती, तीही बुजवलेली होती. लांब मजकुरासाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून गुंडाळी करत. मधला एक बंद काढून दुसरा चिकटवला तर? म्हणून कागदाच्या पाठीवर, सांध्यांवर शिक्के मारत. सांधा उकलला की शिक्का फाटणार.

पाठीवर आणखी एक बारीक नोंद सापडते: 'बार सूद'. म्हणजे हा कागद सरकारी वहीत चढला. ती वही ठेवण्याचं काम ते बारनिशी. आज पुण्यातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत टपाल द्यायला गेलात, तर 'आधी बारनिशीत द्या' असं ऐकायला मिळेल. खिडकीपलीकडच्या बाईंना आपण केवढा जुना शब्द सहज उच्चारला, याची कल्पना असतेच असं नाही.

४. खत, नामा आणि पत्र

आता कागदांच्या नावांचं व्याकरण पाहू. ते तीन शेपटांवर चालतं.

'पत्र' संस्कृत, मूळ अर्थ पान. 'खत' अरबी, मूळ अर्थ रेघ, म्हणून लिखाण. 'नामा' फारसी, लिहिलेली गोष्ट. अर्थ तिघांचा जवळपास एकच, पण मराठीनं त्यांना निरनिराळी कामं वाटून दिली. व्यवहारात पैसा किंवा मालमत्ता हात बदलत असेल, तर बहुधा खत: खरेदीखत, गहाणखत, फारखत. कुणी शब्द देत असेल किंवा काही जाहीर करत असेल, तर नामा: कौलनामा, तहनामा, करारनामा, जाहीरनामा. आणि वरून काही दिलं जात असेल, दान, मान किंवा न्याय, तर पत्र: इनामपत्र, दानपत्र, अभयपत्र, निवाडपत्र. नियम ढोबळ आहे. बक्षीसपत्रासारखे अर्धे फारसी, अर्धे संस्कृत शब्द त्याला जुमानत नाहीत. पण दहातल्या सात वेळा तो उपयोगी पडतो.

पुण्यात सदनिका घेणाऱ्या प्रत्येकाला साठेखत आणि खरेदीखत या दोन घाटांवरून जावंच लागतं. साठेखताचा साठे आडनावाशी संबंध नाही, हे इथे सांगून ठेवतो, कारण तो प्रश्न मला दोनदा विचारला गेला आहे. 'साटं' म्हणजे सौदा, 'साटंलोटं'मधलंच. साठेखत म्हणजे सौदा ठरला असं सांगणारा कागद, आणि खरेदीखत म्हणजे वस्तू हाती आली असं सांगणारा. साखरपुडा आणि लग्न म्हणा.

फारखताची गोष्ट अधिक चटकदार. कर्ज फिटलं की सावकार ऋणकोला लिहून द्यायचा, की आता माझं तुझ्याकडे काही येणं नाही. तो कागद फारखत. नवराबायकोनं काडीमोड घेतला, तर त्याच्याही कागदाला हाच शब्द, कारण तिथेही 'आता आपलं काही देणंघेणं नाही' हेच म्हणायचं. आज एखादा पक्ष युतीतून 'फारकत' घेतो, तेव्हा त्याच्या तोंडी सावकाराची पावती असते.

'दस्तुरखुद्द'चंही तसंच. कारकुनानं लिहिलेल्या पत्राच्या शेवटी धनी कधी स्वतःच्या हातानं दोन ओळी टाकी. ते दस्तुरखुद्द, म्हणजे खुद्द स्वतःच्या हाताचं अक्षर. आता 'समारंभाला दस्तुरखुद्द मंत्री आले' असं आपण म्हणतो. हात मागे राहिला आणि सबंध मंत्रीच आले.

५. एक भांडण, पाच कागद

नावांची ही सगळी यंत्रणा चालताना पाहायची, तर वतनाच्या वादासारखी जागा नाही. समजा, पुण्याजवळच्या एका गावात पाटीलकी कुणाची यावरून दोन भाऊबंदांत तंटा लागला.

पहिल्यांदा दोघंही आपापली हकिकत लिहून देणार. तिला तकरीर किंवा करीना म्हणत. करीना म्हणजे नुसती तक्रार नव्हे. आमचा मूळ पुरुष कोण, गाव कसा वसवला, मधे दुष्काळात परागंदा झालो तेव्हा वतन कुणी बळकावलं, असा तो घराण्याचा इतिहासच असतो. स्वतःच्या बाजूनं लिहिलेला, अर्थात. इतिहासकारांना करीने आवडतात; त्यांत गावं, माणसं आणि भांडणं जिवंत भेटतात. फक्त त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो.

दुसरा कागद राजीनामा. दचकू नका, कुणी नोकरी सोडत नाही. 'राजी' म्हणजे कबूल, खुशी. अमक्या पंचांपुढे किंवा अमक्या गावच्या गोतापुढे, म्हणजे जमलेल्या गावकऱ्यांच्या सभेपुढे, निवाडा व्हावा आणि तो होईल तसा आम्हांला मान्य, असं दोन्ही पक्षांनी लिहून द्यायचं, तो राजीनामा. मग त्याचा अर्थ 'पद सोडणं' कसा झाला? मधली पायरी इंग्रजी अमदानीतल्या जमीन महसुलाची आहे. खातेदार जमीन सोडायचा तेव्हा 'मी खुशीनं सोडतो' असा राजीनामा द्यायचा, आणि नवा खातेदार कबुलायत लिहून ती घ्यायचा. जमिनीवरून शब्द खुर्चीवर गेला. राजीनामा देणारे आज सहसा राजी नसतात, हा भाग वेगळा.

तिसरा, जामीनकतबा. निकाल मानू, पळून जाणार नाही, दंगा करणार नाही, याबद्दल तिसऱ्यानं हमी द्यायची. कतबा म्हणजे लिहून दिलेला बांधिलकीचा कागद.

चौथा सर्वांत थोर. गोतसभा बसली, साक्षी झाल्या, निर्णय झाला, की सर्वांच्या समक्ष त्याचा कागद करायचा, तो महजर. महजराची शान त्याच्या तळाशी असते. तिथे सह्या कमी आणि चित्रं जास्त. पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, शिपाईगड्याची कट्यार, सोनाराची हातोडी, बाई असेल तर बांगडी. लिहिता न येणाऱ्याला अंगठा उठवायला लावण्यापेक्षा ही निशाणी मला जास्त सन्मानाची वाटते. अंगठा फक्त सांगतो की हा माणूस आहे. नांगर सांगतो की हा कोण आहे आणि काय करतो. पुढे पेशवाईत निवाड्याची सूत्रं गोताकडून सरकारकडे सरकत गेली, तसे महजर मागे पडले आणि सरकारी शिक्क्याची निवाडपत्रं पुढे आली. कागदाचं नाव बदललं, त्यामागे न्याय देणारा हात बदलला होता.

आणि पाचवा कागद, यजितखत. हरलेल्यानं जिंकलेल्याला लिहून द्यायचं, की मी हरलो, माझा हक्क नाही, माझी मुलंबाळं पुढे उकरून काढणार नाहीत. आजच्या न्यायालयात हरलेला माणूस अपिलाच्या तयारीला लागतो. तेव्हा त्याच्याच हातून पराभव लिहून घेत, आणि तो कागद जिंकलेल्याच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या जपून राही. पुढल्या पिढ्या भांडण उकरत नसत असं नव्हे. यजितखत हरवलं असेल या आशेनं पुष्कळांनी उकरलं.

६. सरकारनं दिलेला शब्द

निवडणुकीनंतर मथळे येतात, 'जनतेचा कौल'. देवळात गुरव देवाचा कौल लावतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बोललेली गोष्ट, वचन. कागदांच्या दुनियेत कौल म्हणजे सरकारनं रयतेला, व्यापाऱ्याला किंवा शरण आलेल्या शत्रूला दिलेलं लेखी आश्वासन.

सर्वांत उपयोगी कौल ओसाड गाव वसवण्याचा. पडीक जमिनीवर पहिल्याच वर्षी पुरा धारा मागितला, तर कोण येईल? म्हणून इस्ताव्याचा कौल देत, म्हणजे सारा वर्षागणिक चढत जाणार. हिशोबासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पुरा धारा ८ रुपये. कौलात लिहिलं: पहिल्या साली १, दुसऱ्या साली २, तिसऱ्या साली ४, चौथ्या साली ६, पाचव्या साली ८. पाच वर्षांत शेतकरी ४० ऐवजी २१ रुपये भरणार. सरकारनं १९ रुपये सोडले, पण सहाव्या वर्षापासून दरसाल ८ मिळवून देणारं शेत तयार झालं. नव्या उद्योगाला सरकार आज करात सूट देतं, त्याचं गणित हेच.

सनद याहून भारी. ती हक्क देते. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, तेव्हा मराठी फौजा दख्खनच्या सहा सुभ्यांत आधीपासून वसुली करतच होत्या. मग कागद कशाला हवा होता? कारण सनदेशिवाय जी लूट, तीच सनदेनंतर हक्काची वसुली.

७. रुमालात बांधलेलं राज्य

आतापर्यंतचे कागद बाहेर जाणारे. कचेरीत राहणारे वेगळे: दिवसाची नोंद ती रोजकीर्द, खातेवार मांडणी ती खतावणी, वर्षअखेरचा जमाखर्च जुळवला की ताळेबंद, महालाच्या हिशोबाची तपासून केलेली मांडणी ती झडती. पोलीस घराची झडती घेतात, ती आधी हिशोबाची घेत. 'यादी'ही नुसती जंत्री नव्हती. कलमवार लिहिलेलं टिपण ती याद. वरिष्ठ प्रत्येक कलमाखाली आपला निर्णय लिहून देई, आणि तोच कागद हुकूम बनून परत जाई. हा सगळा पसारा सांभाळणाऱ्यांची आडनावं आजही पुण्यात दारोदार पाट्यांवर दिसतात: चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस, दप्तरदार, मुजुमदार. त्यांतलं 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. पारसनिसाकडे फारसी पत्रव्यवहार असे.

कागद विषयवार कापडात बांधून ठेवत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हे दप्तर इंग्रजांच्या हाती आलं. त्यांना त्यात इतिहास नको होता, महसूल हवा होता. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि इनाम कोणत्या कागदावर भोगता ते दाखवा, अशी विचारणा घरोघर झाली. आजोबांच्या पेटीतली सनद आणि पेशव्यांची रोजकीर्द जुळते का, हे पाहिलं जाऊ लागलं. सनद आहे की नुसतं शिफारसपत्र, या फरकावर कुणाचं गाव राहिलं आणि कुणाचं गेलं. वाड्यांतल्या ट्रंकांमध्ये कागद इतक्या जिवापाड का जपलेले असतात, त्याचं एक कारण हे.

दप्तरासाठी १८९१ मध्ये बांधलेली दगडी इमारत आज पुणे पुराभिलेखागार म्हणून उभी आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात तिथल्या रुमालांतून निवडून ४५ खंड छापले, आणि तरीही तो सागरातला तांब्याच होता. त्याआधी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून गावोगाव हिंडून, कुठे वाण्याच्या दुकानात तर कुठे अडगळीत पडलेले कागद मिळवून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चे खंड काढायला सुरुवात केली होती, आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं होतं. सदाशिव पेठेतल्या त्या मंडळानं माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश १९२५ मध्ये काढला. या प्रकरणातल्या निम्म्या शब्दांचं कुळ शोधायला तो अजून उघडावा लागतो.

८. चीनमध्येही हेच

नावांचं हे वेड फक्त आपलं नाही. याबाबतीत चिनी लोक आपल्या कितीतरी पुढे होते.

इ. स. पू. २२१ मध्ये चीनच्या पहिल्या सम्राटानं हे पद घेताच जी फर्मानं सोडली, त्यांत हुकमांची नावं बदलण्याचंही होतं. यापुढे माझ्या आज्ञांना 'च' आणि 'चाओ' हेच शब्द, इतर कुणी ते वापरायचे नाहीत. पुढे हान काळात खालून वर जाणाऱ्या कागदांचीही वाटणी झाली. सम्राटाचे आभार मानायचे तर 'चांग', एखाद्या अधिकाऱ्यावर आरोप करायचा तर 'त्सौ', विनंती करायची तर 'प्याओ', आणि दरबाराच्या मताशी असहमती दाखवायची तर 'यी'. मतभेद नोंदवायला वेगळा कागद आणि त्याला वेगळं नाव! हे मला विलक्षण वाटतं. नाव आहे याचा अर्थ तसं करण्याची रीत आहे.

इ. स. ५०० च्या सुमारास ल्यू श्ये या विद्वानानं साहित्यावर पन्नास प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. त्यात कवितेच्या बरोबरीनं राजाज्ञा, युद्धाचं आव्हानपत्र, दरबारी अर्ज आणि खासगी पत्रं यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. चांगला अर्ज कशाला म्हणावं, हा त्याच्या दृष्टीनं साहित्याचा प्रश्न होता. पत्राला जुनी चिनी भाषा 'छ-तू' म्हणते, म्हणजे 'फूटभर फळी', कारण कागदाआधी ते लाकडी पट्टीवर लिहीत. आपल्याकडे तसाच शब्द 'खलिता'. मूळ अर्थ पिशवी. राजेरजवाड्यांची पत्रं किनखापी थैलीतून जात, आणि पुढे थैलीचंच नाव पत्राला पडलं.

आपल्याकडे असे ग्रंथ झाले नाहीत असं मात्र नाही. गुजरातेत कागदांचे नमुने देणारी 'लेखपद्धति' झाली, मिथिलेत विद्यापतीनं 'लिखनावली' लिहिली, आणि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर लेखनाचे नियम सांगणारं मेस्तक चालत आलं. चिनी ग्रंथ विचारतो, लिखाण सुंदर कसं होईल. आपली मेस्तकं विचारतात, मायना चुकणार नाही ना. दोन्ही काळज्या खऱ्याच, पण दुसरीतून साहित्यशास्त्र निघत नाही.

९. ट्रंकेतला कागद

आता परत त्या गाठोड्याकडे. नमुन्यादाखल एक कागद कल्पून तो उलगडू.

वर 'श्री'. शिक्का नाही, म्हणजे सरकारी नव्हे. इनामाची आशा इथेच सोडायची. त्याखाली साल, आकड्यांत नाही तर अरबी शब्दांत: 'सन इहिदे सितैन मया व अलफ'. हा सुहूर सन. याची संख्या एककापासून वाचायची. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. हे साल मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. जून ते डिसेंबरमधला कागद असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंतचा असेल तर ६००. म्हणजे कागद जून १७६० ते जून १७६१ मधला. १४ जानेवारीचं पानिपत याच सालात येतं, हे कळलं की घरातले सगळे कागदाभोवती गोळा होतात.

पण मजकुरात सदाशिवरावभाऊ नाहीत. तिथे 'लिहून दिल्हे ऐसे जे' अशी सुरुवात आहे. 'लिहून दिल्हे' म्हणजे दोन खासगी माणसांतला व्यवहार. 'जाणिजे' नाही, 'विज्ञापना' नाही. शेवटी 'हे फारखत सही'. खत, म्हणजे पैशाची गोष्ट. फारखत, म्हणजे ती मिटली. तुमच्या खापरपणजोबांच्याही वरच्या कुणीतरी घेतलेले पावणेदोनशे रुपये व्याजासकट फेडले, त्याची ही पावती. कर्ज देणाराच ती लिहून देतो, म्हणून त्याची सही शोधायची.

सही नाही. दोन साक्षीदारांच्या नांगरांच्या वर, बोरूनं काढलेलं, एका बाजूला किंचित चेपलेलं वर्तुळ आहे. बांगडी. पैसे एका बाईनं दिले होते.